गुन्हेगार आधी ठरतो की गुन्हा? नाशिकचा खटला, १८७१चा कायदा आणि समाजशास्त्राने विचारलेला प्रश्न

जून २००३. नाशिकजवळ शेतातल्या एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. एकाच घरातल्या पाच जणांचा जीव गेला. जबर जखमी झालेली एक महिला वाचली. पोलिसांनी तिला सराईत गुन्हेगारांच्या फोटोंचा अल्बम दाखवला, तेव्हा तिने त्यातल्या चार जणांवर बोट ठेवलं.

पुढे खटला चालला तो वेगळ्याच सहा जणांवर. सहाही जण भटक्या जमातीतले, मजुरी करून पोट भरणारे.

२००६ साली नाशिकच्या न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने त्यातल्या तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सर्वांना फाशी दिली. मग फेरविचार याचिका आली, प्रकरण नव्याने ऐकलं गेलं आणि ५ मार्च २०१९ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं. अटकेपासून तोवर जवळपास १६ वर्षं उलटली होती. त्यांच्यातला एक जण तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता.

निकालात न्यायालयाने एक गोष्ट स्पष्टपणे नोंदवली. आरोपी भटक्या जमातीतले, समाजाच्या तळच्या थरातले, अत्यंत गरीब आहेत. त्यांना खोटं गोवलं गेल्याची शक्यता नाकारता येत नाही.

साक्षीदाराने चार जणांना ओळखलेलं असताना भलत्याच सहा जणांचा गळा फासापर्यंत जातो कसा? तपासातली ढिलाई, दबाव, घाई ही उत्तरं आहेतच. पण ‘हे लोक असं करू शकतात’ हे इतक्या जणांना इतकी वर्षं सहज पटलं, त्याचं काय? त्याचं उत्तर एकट्या फौजदारी कायद्याच्या पुस्तकात मिळत नाही. तिथे समाजशास्त्राची गरज लागते.

जात म्हणजेच गुन्हा, असा कायदा होता

१८७१ साली ब्रिटिश सरकारने ‘क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट’ आणला. मराठीत त्याला ‘गुन्हेगार जमाती कायदा’ म्हणतात. त्यामागचा युक्तिवाद आज वाचताना विचित्र वाटतो, पण तेव्हाच्या साहेबाला तो अगदी शास्त्रशुद्ध वाटत होता. भारतात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा मुलगा विणकर होतो. तर मग चोराचा मुलगा चोर होणारच. म्हणजे गुन्हा हासुद्धा पिढीजात धंदा!

या कायद्याने अख्ख्या जमातीच्या जमाती गुन्हेगार म्हणून जाहीर करता येत होत्या. एकदा जमातीचं नाव यादीत गेलं की तुम्ही काही केलंय की नाही हा प्रश्नच उरत नसे. नाव नोंदवायचं, ठरलेल्या वेळी हजेरी द्यायची, गाव सोडायचं तर पास घ्यायचा. चुकलं तर शिक्षा. सुरुवातीला उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११ मध्ये सगळ्या ब्रिटिश भारताला लागू झाला.

महाराष्ट्रात याची सगळ्यात ठळक खूण सोलापुरात आहे. तिथे या जमातींना कुंपणाच्या आत ठेवण्यासाठी ‘सेटलमेंट’ उभारली गेली. काही काळ तिचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. आतली माणसं गिरण्यांमध्ये कामाला जात आणि पुन्हा कुंपणात परतत. कुंपण गेलं, पण नाव गेलं नाही. सोलापुरात आजही तो भाग सेटलमेंट म्हणूनच ओळखला जातो.

यादीत कोण होते? पारधी, कैकाडी, बेरड, रामोशी, भामटा, कंजारभाट... रामोशी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गावाची राखण करणारे. पारधी म्हणजे शिकारी. बंजारा तांडे बैलांवरून मीठ-धान्याची ने-आण करत. रेल्वे आली आणि बैलांच्या पाठीवरचा व्यापार बसला. १८७८चा वन कायदा आला आणि जंगलात पाऊल टाकणं हाच गुन्हा झाला. गावाच्या राखणीची जुनी व्यवस्था मोडली. पोटाचं साधन गेल्यावर काहींनी चोऱ्या केल्या, हे नाकारायचं कारण नाही. पण सरकारने कारण शोधलं ते रेल्वेत किंवा वन कायद्यात नाही, तर रक्तात.

स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. म्हणून या जमाती ‘विमुक्त’. पण तोवर ८१ वर्षं गेली होती, आणि आजोबा, वडील, मुलगा अशा तीन पिढ्यांची नावं पोलिसांच्या दफ्तरात चढली होती.

तिकडे इटलीत एक डॉक्टर कवट्या मोजत होता

भारतात हा कायदा येत होता, त्याच सुमारास इटलीत चेझारे लोम्ब्रोसो नावाचा डॉक्टर एका दरोडेखोराची कवटी हातात घेऊन बसला होता. कवटीच्या मागच्या बाजूला त्याला एक खोलगट खळगा दिसला आणि त्यावरून त्याने मोठा सिद्धांत मांडला: काही माणसं जन्मजात गुन्हेगार असतात, उत्क्रांतीत मागे राहिलेली असतात, आणि जबडा, कान, कपाळ पाहून त्यांना ओळखता येतं. १८७६ मध्ये त्याचं पुस्तक आलं. गुन्ह्याचा शास्त्रीय अभ्यास, म्हणजे गुन्हेशास्त्र, तिथून सुरू झाला असं अनेक पाठ्यपुस्तकं सांगतात.

लोम्ब्रोसोकडे मोजपट्टी होती, तक्ते होते, आकडे होते. दिसायला सगळं विज्ञान. पण त्याने मोजली ती मुख्यतः तुरुंगातली माणसं. तुरुंगात कोण येतं हे पोलीस, न्यायालय आणि खिशातला पैसा ठरवतो, ही गोष्ट त्याने हिशेबात धरलीच नाही.

चार्ल्स गोरिंग या इंग्लंडमधल्या तुरुंगाच्या डॉक्टरने हे ताडून पाहिलं. त्याने सुमारे ३,००० कैद्यांची मापं घेतली आणि ती विद्यापीठातले विद्यार्थी, सैनिक अशा बाहेरच्या लोकांशी जुळवून पाहिली. १९१३ मध्ये त्याचं पुस्तक आलं. निष्कर्ष असा की गुन्हेगाराचा वेगळा असा शारीरिक प्रकारच नसतो. गंमत म्हणजे गोरिंग स्वतः आनुवंशिकतेवर विश्वास ठेवणारा होता. तरीही आकड्यांनी जे सांगितलं ते त्याने छापलं.

विज्ञान नेमकं कशाला म्हणायचं, याचं हे चांगलं उदाहरण आहे. कवटी मोजली म्हणून विज्ञान होत नाही. ‘माझं म्हणणं चुकीचं असेल तर ते कशावरून कळेल?’ हा प्रश्न विचारला की विज्ञान सुरू होतं.

मग समाजशास्त्र विज्ञान कसं?

सोशल मीडियावर हा वाद अधूनमधून रंगतो. समाजशास्त्रात प्रयोगशाळा नाही, सूत्रं नाहीत, मग हे कसलं शास्त्र? आक्षेप अगदीच फालतू नाही. दोन गावं घ्या, एकात गरिबी सोडा, दुसऱ्यात सोडू नका आणि २० वर्षं निरीक्षण करा, असा प्रयोग कुणालाच करता येत नाही. पण कधीकधी इतिहासच तो प्रयोग करून देतो. तसं शिकागोत झालं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिकागो शहर झपाट्याने वाढत होतं. क्लिफर्ड शॉ आणि हेन्री मॅके या दोन संशोधकांनी बालन्यायालयात आलेल्या मुलांचे पत्ते शहराच्या नकाशावर मांडले. शहराच्या मध्याला लागून असलेल्या, कारखान्यांच्या शेजारच्या पडक्या वस्त्यांमध्ये ठिपक्यांची दाटी होती. शहराच्या कडेला जावं तसे ठिपके विरळ.

यात नवल काही नाही. नवल पुढे आहे. या वस्त्यांमध्ये आधी जर्मन, आयरिश, स्कँडिनेव्हियन कुटुंबं राहत होती. पैसा आला तशी ती बाहेर पडली. त्यांच्या जागी पोलिश आणि इटालियन आले. मग दक्षिणेतून कृष्णवर्णीय आले. दर वेळी शहरातले शहाणे लोक म्हणायचे की ‘ही नवी जमातच गुन्हेगार आहे.’

आता बघा. गुन्हा रक्तात असेल तर त्या कुटुंबांबरोबर तो नव्या वस्तीत जायला हवा. गुन्हा परिस्थितीत असेल तर माणसं गेली तरी तो जुन्या वस्तीतच राहायला हवा. दोन वेगळे दावे, दोन वेगळे अंदाज. काही दशकांच्या नोंदी तपासल्यावर दिसलं की माणसं पूर्ण बदलली तरी त्याच वस्त्या वरच्या क्रमांकावर राहिल्या, आणि बाहेर पडलेल्या कुटुंबांच्या मुलांमधलं प्रमाण मात्र खाली आलं. १९४२ मध्ये हा अभ्यास पुस्तकरूपात आला.

हे विज्ञानच आहे. फक्त परीक्षानळी नाही, एवढंच.

याची पायाभरणी त्याआधी १०० वर्षं झाली होती. १८३०च्या दशकात बेल्जियमच्या आडोल्फ केतले यांच्या लक्षात आलं की फ्रान्समध्ये दर वर्षी गुन्ह्यांचे आकडे जवळजवळ सारखेच येतात. गुन्हा करणारी माणसं दर वर्षी वेगळी, तरी एकूण आकडा तोच. म्हणजे एकेका माणसाच्या मर्जीपलीकडे काहीतरी आहे. १८९५ मध्ये एमिल दुर्खीम यांनी आणखी धाडसी विधान केलं: गुन्हा हा समाजाचा आजार नाही, प्रत्येक समाजात तो असतोच, पाहायचं ते हे की कोणता समाज कशाला गुन्हा म्हणतो.

‘म्हणजे गुन्हेगारांना सोडून द्यायचं का?’

समाजशास्त्राचं नाव काढलं की कमेंट बॉक्समध्ये हा प्रश्न येतोच. इथे एक भेद नीट समजून घ्यायला हवा, कारण अर्धे वाद याच गल्लतीतून होतात.

समाजशास्त्र प्रमाणाबद्दल बोलतं. अमुक वस्तीत दर १,००० मुलांमागे इतकी मुलं न्यायालयासमोर येतात, तमुक वस्तीत त्याहून कमी. का? त्या पडक्या वस्तीतलाही बहुतेक मुलगा कधीच चोरी करत नाही. त्यामुळे समोर उभ्या असलेल्या एका मुलाने चोरी केली का, हे समाजशास्त्र सांगू शकत नाही आणि त्याने ते सांगूही नये. ते पुराव्यावर ठरतं, न्यायालयात ठरतं.

हा भेद दोन्ही बाजूंनी मोडला जातो. ‘तो गरिबीत वाढला, म्हणून त्याचा दोष नाही’ असं म्हणणारा समूहाच्या आकड्यावरून एका माणसाला माफ करतो. ‘तो त्या जमातीचा आहे, म्हणजे त्यानेच केलं असणार’ असं म्हणणारा तसल्याच समजुतीवरून एका माणसाला फासावर चढवतो. चूक एकच, पण तिची किंमत मोजावी लागते ती बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात. नाशिकच्या खटल्यात ती सहा जणांनी मोजली.

आकडे कुणाचे मोजले जातात?

शॉ आणि मॅके यांच्या कामातही एक भोक होतं. त्यांचे ठिपके बालन्यायालयाच्या नोंदींचे होते. श्रीमंत घरातल्या मुलाने गाडी पळवली तर प्रकरण बापाच्या फोनवर मिटतं. त्याचा ठिपका नकाशावर पडतच नाही.

याच भोकावर एडविन सदरलँड यांनी बोट ठेवलं. १९३९ मध्ये त्यांनी ‘व्हाइट कॉलर क्राइम’ हा शब्द समाजशास्त्रज्ञांच्या सभेत मांडला आणि १९४९ मध्ये अमेरिकेतल्या ७० मोठ्या कंपन्यांच्या कायदेभंगाचा हिशेब पुस्तकात मांडला. प्रकाशकाने कंपन्यांची नावं गाळायला लावली. नावांसकट पुस्तक यायला १९८३ साल उजाडलं. गरिबी हेच गुन्ह्याचं कारण असेल तर सुटाबुटातले हे गुन्हे कुठून येतात, हा त्यांचा सवाल होता.

भारतात गुन्ह्यांचे आकडे राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग, म्हणजे एनसीआरबी, देतो. दर वर्षी अहवाल आला की ‘अमुक राज्य गुन्हेगारीत एक नंबर’ अशी ग्राफिक्स फिरू लागतात. अहवालात स्वतः एनसीआरबी सावध करतो की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ग्राफिक्समध्ये ती ओळ कधीच नसते.

एक उदाहरण पुरेसं आहे. २०१२ मध्ये देशात बलात्काराचे २४,९२३ गुन्हे नोंदले गेले, २०१३ मध्ये ३३,७०७. एका वर्षात ३५ टक्क्यांची वाढ. एका वर्षात देशातले पुरुष ३५ टक्क्यांनी जास्त हिंसक झाले का? मधल्या काळात दिल्लीची डिसेंबर २०१२ची घटना घडली, देशभर लोक रस्त्यावर उतरले, कायदा बदलला, व्याख्या रुंदावली आणि तक्रार नोंदवून न घेणाऱ्या पोलिसालाच शिक्षेची तरतूद आली. ज्या स्त्रिया आधी गप्प होत्या, किंवा ज्यांना ठाण्यातून परत पाठवलं जात होतं, त्यांच्यातल्या काही जणींची तक्रार कागदावर आली. इथे आकडा वाढणं ही वाईटापेक्षा बरी बातमी असण्याची शक्यता जास्त.

तरीही कागदाबाहेर राहिलेलं किती? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी (२०१९-२१) सांगते की शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी फक्त १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितली. कुणाकडेही, म्हणजे माहेरच्यांपासून पोलिसांपर्यंत. पोलिसांच्या आकड्यांवरून समाजाचं चित्र काढणाऱ्याने हा एक आकडा शेजारी चिकटवून ठेवावा. अशी घरोघरची सर्वेक्षणं हे समाजशास्त्राने गुन्हेशास्त्राच्या हातात दिलेलं बहुधा सगळ्यात उपयोगी हत्यार आहे.

आणि तुरुंग? २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांमध्ये ५,७३,२२० कैदी होते. त्यातले ४,३४,३०२, म्हणजे चारातले तीन, कच्चे कैदी होते. त्यांचा गुन्हा अजून सिद्धच झाला नव्हता. लोम्ब्रोसो आज आपल्याकडे कवट्या मोजायला आला असता, तर त्याने यांच्याच मोजल्या असत्या.

शिक्का पुसला जातो का?

१९६३ मध्ये हॉवर्ड बेकर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने विचारण्याचा क्रमच उलटा केला. माणूस गुन्हा का करतो हे विचारण्याआधी समाज कुणावर गुन्हेगाराचा शिक्का मारतो ते पाहा, असं त्यांचं म्हणणं. शिक्का बसला की काम मिळत नाही, घर मिळत नाही, पोलीस पहिल्यांदा तुमच्याच दारात येतात. शिक्का स्वतःला खरं करत जातो. लक्ष्मण गायकवाड यांच्या आत्मकथनाचं ‘उचल्या’ हे नावच मुळी असा शिक्का आहे. १९८८ मध्ये त्या पुस्तकाला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

भारतात शिक्का पुसण्याऐवजी त्याचं नाव बदललं गेलं. ‘गुन्हेगार जमात’ गेली, ‘सराईत गुन्हेगार’ आला. मुंबई राज्याने १९५९ मध्ये सराईत गुन्हेगारांसाठी कायदा केला, इतर राज्यांनीही केले. कागदावर हे कायदे व्यक्तीला लागू होतात, जमातीला नाही. प्रत्यक्षात काय चालत होतं ते २०२४ मध्ये पुन्हा उघड झालं.

पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगांतल्या जातिभेदाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला. सुनावणीत जी तुरुंग नियमावली समोर आली ती वाचून १८७१ आठवावं. स्वयंपाक कुणी करायचा आणि मैला कुणी उचलायचा, हे जातीवरून. कुठे भटक्या किंवा ‘गुन्हेगार’ जमातीच्या कैद्याला पळून जाण्याची ओढ उपजतच असते, असं गृहीत धरलेलं. कायदा रद्द होऊन ७२ वर्षं झाली होती, पण नियमावलीत तो जिवंत होता.

न्यायालयाने अशा तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढायला सांगितलं आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही याची काळजी घ्यायला पोलिसांना बजावलं.

त्याच वर्षी, मार्चमध्ये, महाराष्ट्र सरकारने पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ ही कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणारी कंपनी स्थापन केली. पोलिसांकडच्या माहितीचं विश्लेषण करून तपासाला मदत करणं आणि गुन्ह्यांचा अंदाज बांधणं हे तिच्याकडून अपेक्षित आहे. सायबर फसवणुकीचा माग काढायला असं तंत्रज्ञान लागणारच. अडचण अंदाजाची आहे. यंत्र शिकतं ते जुन्या नोंदींवरून, आणि जुन्या नोंदी म्हणजे पोलीस जिथे गेले तिथल्या नोंदी.

अमेरिकेत याची चाचणी झाली आहे. क्रिस्टियन लम आणि विल्यम आयझॅक या संशोधकांनी २०१६ मध्ये ओकलंड शहरातल्या अमली पदार्थांच्या पोलीस नोंदी अशाच एका अंदाज बांधणाऱ्या प्रणालीला दिल्या. सर्वेक्षणांवरून पाहिलं तर अमली पदार्थांचं सेवन शहरभर पसरलेलं होतं. प्रणाली मात्र पोलिसांना पुन्हा पुन्हा त्याच कृष्णवर्णीय वस्त्यांकडे पाठवत राहिली. पोलीस तिथे गेले की तिथेच आणखी अटका होतात, त्या पुन्हा यंत्रात जातात आणि यंत्राची खात्री आणखी पक्की होते. लॉस एंजेलिस पोलिसांनी अशी प्रणाली काही वर्षं वापरून २०२० मध्ये बंद केली. पोलिसांनी कारण खर्चाचं दिलं; वस्त्यांमधले लोक त्याआधीपासून पक्षपाताबद्दल बोलत होते.

महाराष्ट्रातल्या ठाण्यांची दफ्तरं डिजिटल होत असताना त्यात पारधी वस्ती, कैकाडी आळी, सोलापूरची सेटलमेंट यांच्या कोणत्या काळच्या, कुणी लिहिलेल्या नोंदी जात आहेत, हे तपासायला संगणकतज्ज्ञ पुरेसा नाही. त्यासाठी दफ्तर कसं तयार झालं हे माहीत असलेला माणूसही टेबलावर लागेल. १९५९चा कायदा तर अजून आहेच.

नाशिकच्या खटल्यातल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. ज्या चौघांना त्या महिलेने २००३ मध्येच फोटोत ओळखलं होतं, त्यांच्याविरुद्ध तपासच झाला नाही, यावरही न्यायालयाने बोट ठेवलं.